बाळ सुरतेला आहे

नाशिकच्या स्टँडवरून सुरतेची बस सुटली तेव्हा माझ्या डोक्यावरच्या फळीवर एक गर्भाशय होतं. खरं नव्हे हो, कापडाचं. लाल सॅटिनचं, आत कापूस भरलेलं, पुढे चेन लावलेली आणि आत मुठीएवढं एक बाहुलं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली, त्या काळात बायकांना समजावून सांगायला मीच ते शिवलं होतं. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल-श्रीफळ दिलं, मी मात्र ही पिशवी तेवढी हट्टाने घरी आणली. आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात.

बोलावणं शैलाचं होतं. शैला माझी नर्सिंगच्या ट्रेनिंगमधली मैत्रीण, माहेर धुळ्याचं, लग्न होऊन सुरतेला गेली ती तिथलीच झाली. तीही आता निवृत्त आहे, पण स्वस्थ बसेल तर शैला कसली! तिच्या घराजवळच्या एका इमारतीतल्या बायकांमध्ये ती आठवड्यातून एकदा जाऊन बसते. तापीकाठची वस्ती उठवली गेली, तेव्हा तिथल्या कुटुंबांना या इमारतींत घरं मिळाली. बहुतेक सगळी खानदेशातली, म्हणजे आधी गाव सुटलेलं आणि मग नदीकाठही सुटलेला. शैलाने फोनवर हुकूमच सोडला, कानबाईच्या सणाला ये, पुरणपोळ्या खा, आणि आल्यासारखी माझ्या बायकांशी बोल, तुझी ती पिशवी घेऊन ये.

सापुताऱ्याचा घाट श्रावणात बघावा. धुकं बसच्या खिडकीतून आत येत होतं, उतारावर नागलीची हिरवी शेतं, वळणावळणावर भाजलेली कणसं विकायला बसलेल्या बायका. मी एक कणीस घेतलं, त्यावर लिंबू पिळलं आणि पहिला घास घेते तोच ड्रायव्हरने असं काही वळण घेतलं की फळीवरची माझी पिशवी धपकन खाली आली. शिवण उसवली, चेन उघडली आणि आतलं बाहुलं सीटांखालून घरंगळत थेट पुढे गेलं. पुढच्या बाकावरच्या एका धोतरवाल्या काकांनी ते उचललं, झटकलं आणि फार अदबीने मला आणून दिलं.

“बेन, तमारुं बाळक पडी गयुं (ताई, तुमचं मूल पडलं),” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या लाल वस्तूकडे बोट करून ही उशी आहे का विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा जुना रोग. मी सांगून टाकलं. गर्भाशय हा शब्द गुजरातीतही तोच आहे, हे मला त्या क्षणी कळलं. काका लगबगीने जागेवर जाऊन बसले आणि वघई येईपर्यंत खिडकीबाहेरचा साग मोजत राहिले. त्यांची बायको मात्र उठून सरळ माझ्या शेजारी आली. तिला कुणीतरी पिशवी काढून टाकायला सांगितलं होतं आणि का, ते सांगितलं नव्हतं. व्यारा येईपर्यंत आम्ही दोघी मोडक्यातोडक्या गुजराती-मराठीत बोललो. का काढायची ते आधी विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा, असं मी तिला बजावलं. उतरताना तिने मला चार केळी दिली.

बारडोलीच्या अलीकडे-पलीकडे नुसता ऊस. साखर कारखान्याची चिमणी गप्प उभी होती, कारण गाळपाचे दिवस नव्हते. मग हळूहळू शेतं संपली, गोदामं लागली आणि सुरतेच्या वेशीवरच्या पर्वत पाटिया नाक्याला बस अशी अडकली की पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो, मागे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या हातगाड्या. त्या गर्दीत स्कूटरवर एक पाय टेकवून शैला उभी. अंगाने दुप्पट झालेली, आवाज तोच. बस थांबायच्या आधी तिने मला हाक मारली आणि निम्मी बस वळून बघायला लागली. स्कूटरवर ती पुढे, मी मागे आणि मध्ये पिशवी, अशा आम्ही शैलाच्या भागात, नवागामला पोचलो.

नवागामचा पहिला परिचय कानाला होतो. गल्लीगल्लीत लूम (यंत्रमाग) चालू. खटखट, खटखट. मी शैलाला म्हटलं, बाई, इथे झोप कशी लागते तुला? ती म्हणाली, लूम थांबला की जाग येते. जेवायला तिने फुणके आणि कढी केली होती. फुणके म्हणजे भरडलेल्या डाळींचे वाफवलेले मुटके, ते कुस्करून वर तेलाची धार धरायची आणि कढी ओतायची. मी इतकं जेवले की शैलाच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, नाशिकला दुष्काळ आहे का म्हणून चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो खाल्ला. वाफवलेल्या डाळीचा हा लिबलिबीत प्रकार, वर तेल, शेव, चटणी. दिसायला अगदीच बिघडलेलं काहीतरी, पण चव अशी की दुसरी प्लेट मीच मागितली. मग दुपारी आम्ही त्या इमारतीत गेलो.

इमारत काही वाईट नव्हती. पक्कं घर, नळ, स्वतंत्र संडास. तरी शैलाने वाटेत मला सांगितलं होतं की घरं मिळाल्यावर सहा-सात महिन्यांतच तिच्याकडे बायका यायला लागल्या. कुणाचं डोकं ठणकतं, कुणाची छाती धडधडते, कुणाची पाळी चुकायला लागली, कुणाला झोप नाही. तपासलं तर बऱ्याच जणींत औषधाने जाईल असं काही सापडेना. वस्तीत दार उघडलं की गल्ली होती, ओटा होता, समोरची होती. इथे दार उघडलं की समोर दार, तेही बंद. शिवाय घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, त्यामुळे सख्ख्या जावा दोन टोकांच्या दोन इमारतींत गेल्या. बायका एकच वाक्य सांगायच्या, म्हणे, “जीव लागत नही.”

पहिल्या मजल्यावरच्या लांबट गॅलरीत पंधरा-वीस जणी बसल्या होत्या. मांडीवर साड्या, शेजारी खड्यांच्या पुड्या आणि गोंदाची नळी. व्यापाऱ्यांकडून साड्या येतात, या बायका त्यांवर खडे चिकटवून देतात. मी उभी राहिले, खाकरले आणि म्हटलं, ताई, अर्धा तास हातातलं काम खाली ठेवा, नीट लक्ष देऊन ऐका. त्यांनी आज्ञाधारकपणे कामं खाली ठेवली. मग मी पाळी, गर्भारपण, बाळंतपणानंतरची उदासी, अंगावरचं पांढरं, असं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं हो, वॉर्डात सांगायचे तसंच. पण कुणी हूं की चूं करेना. सगळ्या फरशीकडे बघत होत्या. काही विचारायचं का म्हटलं तर एक म्हणाली, चहा घेता का?

शैला माझ्या कानाशी लागली. म्हणाली, विजू, यांचे हात रिकामे केलेस ना, झालं. हात थांबले की यांची तोंडं मिटतात. मग तिने मला खाली बसवलं, माझ्या मांडीवर एक जांभळी साडी टाकली आणि खड्यांची पुडी दिली. बायकांनीही आपापल्या साड्या उचलल्या. मी पहिलाच खडा उलटा लावला. शेजारची हसली, तिने तो काढून दाखवला आणि तो काढता काढता हलक्या आवाजात विचारलं की नवरा जवळ आला की दुखतं, ते कशाने? तिला उत्तर देतेय तोवर पलीकडची बोलली. तिच्यानंतर आणखी एक. मान कुणी वर करत नव्हतं, सगळ्या आपल्या साडीशी बोलत होत्या, पण बोलत होत्या. एकीने सांगितलं, इथे आल्यापासून दुपारी दार लावलं की तिला रडूच येतं, कारण नसताना. तेव्हा दोघीतिघींनी मान न उचलता ‘मालेबी’ म्हटलं. मला बी, मला बी.

त्या घोळक्यात मधोमध बसल्या होत्या सुपडाबाई. वय सत्तरीपुढे, नाकात मोठी फुली, आवाज खणखणीत. ही त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांची थोरली. त्यांनी माझी लाल पिशवी उचलून उलटीपालटी केली.

“हाई काय शे वो बाई (हे काय आहे गं बाई)?”

मी सांगितलं. सुपडाबाईंनी नाक मुरडलं. सगळ्या जगाला हिनेच जन्म दिला आणि ही अशी भुंडी? त्यांनी गोंद मागितला. मग काय विचारता! बघता बघता माझ्या सरकारी गर्भाशयावर सोनेरी वेलबुट्टी उमटली, काठाने हिरवे खडे, मधोमध लाल मोठा खडा. हसून हसून एकीला ठसका लागला. मी आयुष्यात एवढं नटलेलं गर्भाशय पाहिलं नव्हतं. शेवटी सुपडाबाईंना उसवलेली शिवण दिसली आणि त्यांनी पिशवी बाहुल्यासकट एका मुलीच्या हाती वर पाठवून दिली. ज्योती शिवून देईल म्हणाल्या. ते नाव निघालं आणि गॅलरीतलं हसू जरा खाली आलं.

घरी जाताना शैलाने ज्योतीचं सांगितलं. पंचविशीची पोर, नवरा लूमवर, घरात विधवा सासू सिंधूबाई. नदीकाठी असताना तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, अगदी भरत आलेले दिवस होते. आणि तिथून ती जी दाराआड गेली ती गेलीच. आता पुन्हा पोट दिसतंय असं जिन्यातल्या बायका कुजबुजतात, पण ज्योती खाली येत नाही, सासू कबूल करत नाही आणि दवाखान्याचं तर नावच नाही. शैला तीनदा जाऊन दारातून परत आली होती. मागचं असं झालेलं असताना यावेळी कुणी तपासलेलंच नाही, ह्या एका गोष्टीने तिची झोप उडाली होती. ऐकल्यापासून माझीही उडाली. आम्हा दोघींना माहीत होतं, असं बाळंतपण तपासणीशिवाय सोडून द्यायचं नसतं.

संध्याकाळी सुपडाबाईंनी पिशवी परत आणून दिली. शिवण इतकी बारीक की बोटाला लागेना. मी चेन उघडली आणि बघतच राहिले. आतल्या बाहुल्याच्या अंगात झबलं होतं. साडीच्या गुलाबी कापातून शिवलेलं, पुढे दोन बंद, गळ्याला पांढरी नाडी. इतकं इवलंसं झबलं शिवायला किती निगुतीने बसावं लागतं ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. मी चप्पल घातली आणि तडक ज्योतीच्या इमारतीचा तिसरा मजला गाठला. म्हटलं, आभार मानायला आलेल्या बाईला कोण हाकलतं ते बघू.

सिंधूबाईंनी दार अर्धं उघडलं. मी तेवढ्यातून आत शिरले. ज्योती मशीनपाशी बसली होती, पदर पोटावरून ओढून घेतलेला. पण आयुष्यभर पोटंच बघितलेल्या बाईपासून काय लपणार? सातवा लागला असावा. मी झबल्याचं कौतुक केलं, ती जरा हसली. मग मला धीर धरवेना. मी विचारून टाकलं, बाळा, दवाखान्यात का जात नाहीस? सिंधूबाई मध्येच म्हणाल्या, कोणाला सांगितलं तर नजर लागी जाई (नजर लागेल). ज्योती मात्र सरळ माझ्याकडे बघून बोलली.

“सगळं वेळेवर केलं होतं, सिस्टर. गोळ्या, सुया, सोनोग्राफी, सगळं. तरी.”

तिचं म्हणणं खरंच होतं. मी खाली सतरंजीवर बसले. मशीनपाशी तिच्या हातशिलाईची सुई होती, ती घेऊन दोरा ओवायला लागले, दोरा काही जाईना. ज्योतीने सुई माझ्या हातातून घेतली आणि ओवून दिली. मग मी विचारलं, मुलगा होता की मुलगी?

तिने सुई खाली ठेवली. हे मला कुणी विचारलंच नाही, असं म्हणाली. मुलगी होती. तिला दाखवली नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा घरचे घेऊन गेले होते. त्याच महिन्यात वस्ती उठली. सगळे भांडी बांधत होते, पत्रे काढत होते, टेम्पो ठरवत होते. रडायला कुणाला वेळ होता, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. नर्सने तेवढं सांगितलं होतं की केस खूप होते. सिंधूबाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, पाठीवरचा पदर हलत होता.

मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, तपासणी केली म्हणजे सगळं चांगलंच होईल, असं वचन मी देणार नाही. पण काही बिनसत असेल तर वेळेत कळेल, आणि यावेळी तू एकटी जाणार नाहीस, एवढं वचन मी देते. ज्योती म्हणाली, बघते. आमच्या धंद्यात ‘बघते’ म्हणजे बहुधा नाही. मी जड पायाने जिना उतरले.

आता रोटांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कानबाई ही खानदेशची लाडकी देवी. श्रावणातल्या रविवारी ती नारळाच्या रूपात बसते, नथ-दागिने घालून. सोमवारी तिची पाठवणी. आदल्या दिवशी रोटांसाठी गहू काढतात आणि रीत अशी की घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू. त्याच पिठाचे रोट (जाड पोळ्या), ते फक्त भाऊबंदांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. पण चिठ्ठ्यांनी भाऊबंदकी विखुरली, तेव्हा या जिन्यात पंचाईत झाली. सुपडाबाईंनी निकाल दिला होता की पाणी एक, जिना एक, म्हणजे आपण भाऊबंद. गावाकडून दीर फोनवर ओरडले, त्यांना त्यांनी ओरडू दिलं. दुसरी अडचण अशी निघाली की एका घरात नुसती विधवा आणि तिच्या तीन मुली. तिथे मूठ कुणाच्या नावाने टाकायची? तेव्हापासून या जिन्यात बाई असो, बुवा असो, माणशी मूठ पडते. दुसऱ्या मजल्यावरच्या पंचशीलाताईंचं घर बौद्ध, ते पूजा करत नाहीत. पण रोटांबरोबर लागणारी गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी त्यांच्याच हातची हवी असते आणि त्या ती हौसेने करतात.

शनिवारी सकाळी तळमजल्यावर चटई अंथरली होती. मधोमध मोठं सूप, शेजारी गव्हाचं पोतं. एकेका घरची बाई यायची, नाव घ्यायची, मूठ टाकायची. माझं नाव घेऊन शैलाने एक मूठ टाकली, तेव्हा मला उगीचच रुबाब वाटला. चेष्टामस्करी चालली होती. एकीने नवऱ्याची मूठ जरा लहान घेतली म्हणून तिला सगळ्यांनी धारेवर धरलं. तेवढ्यात जिन्यावरून पैंजण वाजले आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. ज्योती खाली येत होती. एक हात कठड्यावर, मागे सिंधूबाई.

ती चटईवर बसली, पदर नीट केला. तो आज पोटावरून ओढलेला नव्हता. तिने नवऱ्याचं नाव घेतलं, मूठ टाकली. सासूचं, स्वतःचं. मग मूठ भरून ती तशीच थांबली. गहू बोटांतून एकेक गळायला लागले. ज्योतीने सुपडाबाईंकडे बघितलं.

“आजी, गेली तिची टाकू का? तिला नाव नव्हतं ठेवलं.”

सुपडाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मागून सिंधूबाईच बोलल्या. त्या खाली बसल्या, त्यांनी सुनेच्या मुठीखाली आपला हात धरला.

“टाक बेटा. ती बी मन्हीच नात व्हती (तीही माझीच नात होती).”

मूठ सुपात पडली. आणि मग ज्योती रडली. दाराआडचं नव्हे, चारचौघींतलं, मोठ्याने. सिंधूबाईही रडल्या. बायकांनी त्यांना गप्प केलं नाही, कुणी पाणी आणायला धावलं नाही, सगळ्या नुसत्या जवळ सरकल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली! बऱ्याच वेळाने सुपडाबाईंनी नाक पुसलं आणि आपल्या नावाची गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा आईने तिला सुपात घातलं, नाव सुपडी ठेवलं, म्हणजे काळाला वाटावं हा नुसता पाखडलेला कोंडा आहे. त्यांची आई मात्र गेलेल्या भावंडांना रोज आठवायची आणि त्यांचं कौतुकही करायची. मग त्यांनी सूप ज्योतीपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, आते पोटमा शे त्यानी बी टाक (आता पोटात आहे त्याचीही टाक). ज्योतीने डोळे पुसले आणि मूठ चांगली दाबून भरली. अख्ख्या जिन्याला कळलं. लपवायचं काही उरलंच नाही.

रविवारी कानबाई बसली. काय तिचा थाट, काय त्या पुरणपोळ्या! सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन बायका निघाल्या, पुढे डफ, मागे नाचणारी पोरं. मी फुगडी घालायला गेले आणि शैलासकट आपटले. दोन निवृत्त सिस्टर रस्त्यावर बसलेल्या आणि सुरतेची वाहतूक खोळंबलेली. समोरच्या गुजराती दुकानदाराने आम्हाला उठवून बाटलीभर सोडा पाजला. विसर्जन तापीवर होतं. या बायकांच्या जुन्या वस्तीच्या जवळच, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. आता तिथे मोकळी जागा आणि एक भिंत होती. बायका थोडा वेळ तिकडे बघत राहिल्या. एकीने आपलं घर कुठे होतं ते बोटाने दाखवलं. मग सुपडाबाईंनी गाणं धरलं आणि सगळ्या पाण्यात उतरल्या.

मंगळवारी सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात ज्योतीबरोबर एवढ्या बायका गेल्या की दारावरच्या माणसाला लग्नाचं वऱ्हाड वाटलं. एकटी जाणार नाहीस म्हटलं होतं, पण इतकं दुकटं जाणं माझ्याही डोक्यात नव्हतं. तिचा रक्तदाब जरा वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि बरं झालं वेळेत आलात, असंही म्हणाल्या. मग त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर. ज्योतीने माझा हात असा धरला की माझी बांगडी वाकली. आणि एकदम आवाज आला, जोरजोरात, घाईघाईने, न थांबणारा.

सिंधूबाई पडद्यातून डोकावल्या. त्यांचा सगळा संसार लूमच्या आवाजात झाला होता. त्या म्हणाल्या, “लूम चाली राह्यना वो माय (लूम चालतोय गं बाई)!”

बाहेरच्या बाकांवर हे जसं पोचलं तसा जो हशा उठला, त्यावर आतली सिस्टर शांत रहा म्हणून ओरडली. तिच्या जागी मीही ओरडले असते.

निघताना शैलाने डब्यात रोट भरून दिले. ज्योती पर्वत पाटियापर्यंत रिक्षाने सोडायला आली, तिच्या आग्रहापुढे कुणाचं चालेना. बस आली तेव्हा तिने मला विचारलं की पिशवीतलं बाहुलं माझ्याकडे ठेवू का. माझं बाळंतपण झालं की पाठवते, म्हणाली. मी चेन उघडली आणि झबल्यासकट ते तिच्या हातात दिलं.

बारडोली गेली, व्यारा गेलं, घाट आला. येताना मी बायकांना काय सांगायचं याची मनाशी उजळणी करत होते. परतताना तसं काही नव्हतं, नुसती खिडकी होती. मला वाटत आलं होतं की घर मोडलेल्या बाईला आधी औषध हवं, माहिती हवी. ते हवंच, त्यात तडजोड नाही. पण आपलं गेलेलं आणि येणारं, दोन्ही कुणीतरी धरावं, एवढंही तिला हवं असतं, आणि ते एका बाईच्या हातून होत नाही, त्याला अख्खा जिना लागतो. नाशिकला आल्यावर मी ते रोट एकटीने खाल्ले. पुनवेच्या आत संपवले. शेजारीण डब्याकडे बघत होती, पण तिला दिले नाहीत, कारण ती आमच्या भाऊबंदकीतली नाही.

त्यानंतर मी इथल्या दोन-तीन वस्त्यांत पिशवी घेऊन गेले. खड्यांनी चमचमणारी ती पिशवी बघून बायका आधी हसतात, मग हात लावतात, मग चेन उघडून विचारतात की आत बाळ कसं नाही? मी सांगते, बाळ सुरतेला आहे, येईल.

दिवाळी झाल्यावर एक दिवस कुरिअरवाला आला. छोटंसं पुडकं होतं, वरचा पत्ता शैलाच्या अक्षरातला. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. गुलाबी झबल्यातलं बाहुलं होतं, अंगाला पावडरीचा वास येत होता आणि कपाळाच्या एका कडेला काजळाची ठळक तीट लावलेली होती. ती सिंधूबाईंनीच लावली असणार. मी खुर्चीत बसले आणि जरा वेळ हसले, जरा वेळ रडले.

मग बाहुलं पिशवीत ठेवून चेन लावली. तीट पुसली नाही.